आपली आशाताई कुठेय?

शहरात आजारी पडणं म्हणजे एक प्रोजेक्टच असतो, नाही? एक डॉक्टर या टोकाला, दुसरा त्या टोकाला. रिपोर्ट मेलवर, एक्स-रे कपाटावर. मेडिक्लेमवाल्यांचे फोन वेगळेच. या सगळ्यांचा एकमेकांशी मेळ घालायचा कोणी? अर्थात आपणच... तेही ऑफिस सांभाळून!

म्हणूनच बाळंतपणासाठी माहेरी, गावाला गेलेल्या माझ्या मामेबहिणीचा मला चक्क हेवा वाटला. बाळाचं वजन जेमतेम दोन किलो. पण घरी आल्यापासून गावातल्या आशाताई वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन हजर. त्यांचं वेळापत्रक ठरलेलं : तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस.

चौदाव्या दिवशी बाळ दूध ओढेना, अंगही गार. मामी म्हणाली, ‘थंडीचे दिवस आहेत, होईल बरं.’ आशाताईंनी वाद घातला नाही. बाळाला आईच्या छातीशी गुंडाळलं, आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना कळवलं, १०८ला फोन लावला आणि मामीला म्हणाल्या, ‘काकू, तुम्हीपण चला. लेकराला आजी हवी सोबत.’ मामी निमूट गाडीत बसली! जिल्ह्याच्या दवाखान्यात गाडी पोचायच्या आत बाळाची सगळी माहिती तिथे पोचली होती. आज ते बाळ घरभर रांगतंय.

कुणाला फोन करायचा आणि मामीला कसं समजवायचं, ही दोन्ही टोकं ठाऊक असलेली गावात एकच बाई होती.

या घरभेटींचं मूळ आहे आपल्या गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. २००५मध्ये आशा योजना आली आणि २०११मध्ये या घरभेटी देशभरातल्या आशांकडे सोपवल्या गेल्या.

तेव्हा मोबदला ठरला २५० रुपये. एका भेटीचा नव्हे बरं का, सगळ्या भेटींचा मिळून! २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. आपण टाळ्याही वाजवल्या. कागदोपत्री मात्र त्या अजूनही ‘स्वयंसेविका’च.

आपल्या ऑफिसात असं चार टोकं जुळवणारं माणूस असतं ना, त्याला आपण को-ऑर्डिनेटर म्हणतो. आणि महिन्याच्या महिन्याला पगार देतो.