दोन पौंड चाळीस पेन्स

रास्पबेरी पाय हा ३५ डॉलरचा चिमुकला संगणक २०१२च्या फेब्रुवारीत विक्रीला आला. आत डेबियनवर बेतलेलं लिनक्स, म्हणजे खुलं आणि फुकट. तरी डीव्हीडीवरची फाइल लावली की चित्र अडखळायचं. ७०० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला एमपेग-२, म्हणजे डीव्हीडीवरच्या व्हिडिओचा फॉरमॅट, उलगडणं झेपत नव्हतं.

*

गंमत अशी, की ते काम चुटकीसरशी करणारा भाग बोर्डावरच्या त्याच ब्रॉडकॉम चिपमध्ये होता. फक्त कुलूपबंद. एच.२६४ या दुसऱ्या फॉरमॅटचं पेटंट-शुल्क बोर्डाच्या किमतीतच धरलेलं, म्हणून ते पहिल्यापासून चालू. एमपेग-२चंही धरलं असतं, तर डीव्हीडीशी काही देणंघेणं नसलेल्या शाळकरी पोरालाही भुर्दंड बसला असता.

*

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तोडगा निघाला: ज्याला हवी त्यानं किल्ली विकत घ्यावी. एमपेग-२ साठी २.४० पौंड, व्हीसी-१ या आणखी एका फॉरमॅटसाठी १.२० पौंड. आपल्या बोर्डाचा सिरियल नंबर कळवायचा, ईमेलनं आलेली ओळ कॉन्फिग फाइलमध्ये चिकटवायची, बोर्ड बंद करून पुन्हा चालू करायचा. मग कमांड देऊन विचारलं की उत्तर यायचं, ‘एमपीजी२ इनेबल्ड’. तीच ओळ शेजारच्या बोर्डात घातली तर उपयोग शून्य.

*

मेख इथेच आहे. पेटंटवाले नग मोजून पैसे घेतात आणि मुक्त सॉफ्टवेअरचे नग मोजता येत नाहीत. एकानं उतरवून घेतलं, त्याच्याकडून दहांनी घेतलं. बिल कुणाच्या नावानं फाडायचं? पायवाल्यांकडे निदान विकलेला बोर्ड होता. नुसतं लिनक्सचं डिस्ट्रो वाटणाऱ्यांकडे तोही नाही.

*

सिस्कोनं २०१३मध्ये वेगळी वाट काढली. ओपनएच२६४ या आपल्या एच.२६४ सॉफ्टवेअरचा सोर्स खुला केला आणि आपण स्वतः बांधून दिलेल्या बायनरीचं शुल्क स्वतःच्या खिशातून भरायचं ठरवलं. फायरफॉक्स ती सिस्कोकडूनच उतरवून घेतो. तोच सोर्स तुम्ही घरी कंपाइल केलात, तर शुल्काचं तुमचं तुम्ही बघायचं. कोड अक्षरशः तोच, पण त्याची पावती नाही.

*

पेटंटला मुदत असते, हे बरं. एमपी३चे परवाने देणं २०१७मध्ये थांबलं. एमपेग-२चं शेवटचं अमेरिकी पेटंट २०१८च्या फेब्रुवारीत संपलं. आपल्या घराघरांत पडलेल्या लग्नाच्या डीव्हीडी याच एमपेग-२मधल्या. २०१९च्या पाय ४वर त्यांना किल्ली लागत नाही. त्यात तो खास भाग कायमचाच बंद केलेला आहे, प्रोसेसर एकटा निभावून नेतो.

*

२०१८मध्ये एव्ही१ हा नवा व्हिडिओ फॉरमॅट आला, रॉयल्टी नाही या बोलीवर. पुढच्याच वर्षी सिसवेल या पेटंट-परवाने विकणाऱ्या कंपनीनं त्यावरही पेटंटधारकांची मोट बांधली. तेव्हा स्वस्त टीव्ही बॉक्स बाजारात आणणाऱ्यानं ‘सगळं ओपन सोर्स आहे’ एवढ्यावर विसंबू नये. कोडचा परवाना वेगळा, पेटंटचा वेगळा. दोन्ही कागद आधी हातात घ्यावेत, मग बॉक्सची किंमत ठरवावी.