सरहद्दीवरचे जर्दाळूचे गाव

लडाखमधल्या लेहहून तुर्तुक सुमारे दोनशे किलोमीटर. पण निघायची घाई करू नका. लेहच साडेअकरा हजार फुटांवर आहे. तिथे दोन दिवस स्वस्थ राहा, विरळ हवेची सवय होऊ द्या आणि परवान्याची चौकशीही करून घ्या. मग चढायची खर्दुंग ला ही साडेसतरा हजार फुटांवरची खिंड. वर चहापुरतेच थांबा. चार पावले भरभर टाकली तरी धाप लागते.

खिंड उतरली की श्योक नदी भेटते. हुंडरला वाळूच्या टेकड्या आणि दोन वशिंडांचे उंट आहेत. बहुतेक प्रवासी तिथूनच माघारी वळतात. तुम्ही मात्र पुढे चला. रस्ता नदीच्या कडेकडेने जातो, दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर, गवताची काडी नाही. आणि मग एकाएकी हिरवेगार तुर्तुक!

हे गाव साडेनऊ हजार फुटांवर, म्हणजे लेहपेक्षा खाली. लडाखात बहुतेक ठिकाणी वर्षाला एकच पीक निघते. इथे सातू काढून त्याच रानात कुट्टू पेरतात. वाफे अंथरुणाएवढे, बांध दगडांचे. वितळलेल्या बर्फाचे पाणी पाटाने घराघरांपुढून वाफ्यात येते. जुलै-ऑगस्टात जर्दाळू पिकतात. फळे छपरांवर वाळत घालतात, बी फोडून आतल्या गराचे तेल काढतात. वाया काही जात नाही.

मला विचाराल तर उंटांपेक्षा इथली नांगचुंग पाहा. ही दगडी कोठी. दगडांच्या फटींतून गार वारा आत खेळतो, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात लोणी आणि मांस टिकते. विजेचे बिल नाही!

इथले लोक बाल्टी. १९७१ च्या डिसेंबरपर्यंत हे गाव पाकिस्तानच्या ताब्यात होते. त्या युद्धात ते भारताकडे आले. शेत, घर, पाट सारे जागच्या जागी राहिले. सरहद्द तेवढी गावाच्या पलीकडे सरकली. कामाला किंवा शिकायला स्कर्दूकडे गेलेली माणसे तिकडेच अडकली. कुणाचा भाऊ, कुणाचा नवरा. बांधावर भाऊबंदकी आपण पाहिली आहे, पण भाऊ परदेशी झाला आणि त्याचे झाड आपल्या अंगणात राहिले, याला काय म्हणावे?

२०१० साली गाव पर्यटकांना खुले झाले. उतरायचे तर गावातल्याच घरी उतरा, कुट्टूची धिरडी खा. जर्दाळू विकत घ्या, झाडाला हात लावू नका. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

रस्ता पुढे थांगपर्यंत जातो. तिथून पलीकडचे गाव दिसते. श्योक तिकडेच वाहत जाते आणि सिंधूला मिळते. गाडी मात्र इथूनच मागे वळवायची.