पिसू व पट्टकृमी

आमच्या घरीं पाळलेल्या कुत्र्याच्या शेपटीखालीं एकदां तांदळाच्या दाण्यांएवढे पांढरे, हालणारे कण दिसले. वाळल्यावर ते काकडीच्या बियांसारखे झाले. शेजाऱ्यांनीं कुत्रें हांकलून द्या असें सांगितलें. मुलें रडूं लागलीं. परंतु कारण शोधल्यावांचून शिक्षा देणें शिक्षकास शोभत नाहीं, म्हणून मी त्यास पशुवैद्याकडे नेलें.

ते कण म्हणजे पट्टकृमीचे गळून पडलेले तुकडे होत. त्यांतील अंडीं पिसवांच्या अळ्या खातात. अळीची पुढें पिसू होते. आणि अंग चाटतांना कुत्रें किंवा मांजर ती पिसू गिळतें. मग सुमारें तीन आठवड्यांत नव्या कृमीचे तुकडे पडूं लागतात. प्राझिक्वांटेल या औषधानें पोटांतील कृमी मरतो खरा, पण पिसवा राहिल्या तर तो पुन्हां येतो. यास्तव आम्हीं औषधाबरोबरच पिसवांचाही बंदोबस्त केला, कुत्र्याचें अंथरूण कढत पाण्यांत धुतलें व कोपरान्‌कोपरा झाडला.

लहान मुलांसही क्वचित् ही बाधा होते, तीही पिसू पोटांत गेल्यानेंच. मात्र पट्टकृमीची दुसरी एक जात मनुष्यास फार घातक आहे. मेंढराचें रोगट काळीज कच्चें खाल्ल्यानें ती कुत्र्यांत शिरते, व तिचीं अंडीं आपल्या हातांवाटे पोटांत जाऊं शकतात. म्हणून कुत्र्यास कच्चें काळीज घालूं नये आणि त्यास कुरवाळल्यावर हात धुवावे.

विद्यार्थिमित्रहो, रोगाची वाट कळली म्हणजे ती अडवितां येते. ती न कळली म्हणजे मुक्या प्राण्यावर विनाकारण काठी उगारली जाते.