चार बोटांची फट

माझ्या पोलोच्या मागच्या चाकावर, टायर आणि पत्र्याची कमान यांच्यामध्ये, आडवी चार बोटं सहज जायची. भोसरीत असताना हे कधी डोळ्यात आलं नाही. बदली होऊन चिनहटला आले आणि नव्या घराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज नेमकं तेच चाक दिसू लागलं. चहा उकळेपर्यंत त्या फटीकडे बघत राहायचं. दोन महिन्यांत ठरलं, गाडी खाली घ्यायची.

चिनहट म्हणजे लखनौचं पूर्वेकडचं टोक. 1857 च्या 30 जूनला इंग्रजांनी इथेच मार खाल्ला आणि मग रेसिडेन्सीत कोंडून घेतलं. पुढे गावाचं नाव झालं ते झिलईच्या मातीच्या भांड्यांमुळे. आता देवा रोडवर 1992 पासून टाटांचा ट्रक-बसचा कारखाना आहे आणि त्याच्या अवतीभवती आमच्यासारख्या सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्या. मी गुणवत्ता विभागात. दिवसभर ट्रकचे पाटे तपासायचे: रिकाम्या गाडीत बाक किती, भरलेल्या गाडीत किती. हे सांगते कारण पुढे जो गाढवपणा केला तो अडाणीपणातून झाला, असं कुणी समजू नये.

मटियारी चौकाजवळचे आमचे मिस्त्री म्हणाले, "मैडम, एक लपेट कटवा दीजिए, आधे घंटे का काम है." म्हणजे स्प्रिंगचा एक वेढा कापायचा. एवढं मात्र मला कळत होतं. काम करणारे सहा वेढे असतील आणि एक कापला, तर स्प्रिंग वीस टक्क्यांनी कडक होते. तेवढं एक वेळ चालेल. पण खालचा वेढा वाटीत बसावा म्हणून त्याचं टोक ठरावीक आकाराचं असतं. ते गेलं की चाक लोंबकळताना स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. गॅसने कापली तर आसपासच्या पोलादाचं पाणीही उतरतं. मी मान हलवून घरी आले आणि तयार स्प्रिंगा मागवायच्या, असं ठरवलं.

मागवताना एकच आकडा पाहिला. गाडी खाली किती येणार: 40 मिमी. दुकानदार फोनवर म्हणाला, "शॉकर बदलायची गरज नाही, काढा आणि घाला." (पुण्यात शॉकअप, लखनौत शॉकर. भाग तोच.) बसवल्या त्या दिवशी गाडी इतकी देखणी दिसत होती की मी खिडकीत उभी राहून चहा उतू घालवला.

सोसायटीच्या फाटकावरचा गतिरोधक पहिल्या संध्याकाळी पोटाला घासला. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मोजला: उंची तेरा सेंटिमीटर, रुंदी एक मीटरही नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या शिफारशीत उंची दहा सेंटिमीटर आणि रुंदी 3.7 मीटर आहे, ताशी 25 किलोमीटरने जाता यावं म्हणून. आमचा गतिरोधक कुणी तरी उरलेल्या सिमेंटचं काय करायचं म्हणून घातलेला. पोलोच्या पोटाखाली मुळात साधारण साडेसोळा सेंटिमीटर जागा, त्यातले चार मी स्वतःच देऊन टाकलेले. तिरकी गाडी काढायला शिकले आणि गप्प बसले.

गप्प बसणं संपलं ते आई-बाबा आल्यावर. अयोध्येला जायचं होतं. फैजाबाद रोडवर लागलं की बाराबंकीमार्गे सरळ रस्ता. मागे आई, बाबा, माझी मुलगी. डिकीत दोन बॅगा आणि प्रवासात काहीच मिळणार नाही या खात्रीने भरलेले डबे. पुलाच्या प्रत्येक सांध्यावर मागून 'ठक्'. दणका नव्हे, लाकडावर लाकूड आपटावं तसा कोरडा आवाज. बाबांनी तासभर सोसलं. मग म्हणाले, "अगं, स्प्रिंगा घातल्यास की काढल्यास?"

परतल्यावर आईने चिनहटची हिरव्या नक्षीची लोणच्याची बरणी घेतली. दुकानापासून घर जेमतेम दोन किलोमीटर. ती बरणी मांडीवर धरून बसली आणि उतरताना झाकणाला कपरी गेलेली. मला कुणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं.

त्या रविवारी मिस्त्रींकडे गाडी जॅकवर चढवली. मागच्या शॉकरच्या दांड्याला प्लास्टिकची बारीक केबल-पट्टी घट्ट बांधली. चाक वर आलं की शॉकरचं नळकांडं पट्टीला ढकलतं. गाडी परत बसली तरी पट्टी तिथेच राहते. चाकाने किती जागा वापरली, त्याची ती नोंद. शिवाय रिकामी गाडी जमिनीवर उभी असताना बंप रबरपर्यंत, म्हणजे स्प्रिंगची जागा संपली की गाडी ज्यावर टेकते त्या रबरी ठोकळ्यापर्यंत, किती जागा उरते, तेही मोजलं.

जुन्या स्प्रिंगांवर मागे 65 मिमी उरत होते. तिघं आणि सामान बसलं की गाडी 45 दबायची, म्हणजे खड्ड्यासाठी 20 शिल्लक. नव्या स्प्रिंगा कडक, त्यामुळे दबायची 35 च. पण सुरुवातीलाच 40 गेलेले. 65 वजा 40 वजा 35. आई-बाबा बसले त्या क्षणी गाडी स्प्रिंगवर नव्हतीच, दहा मिलिमीटर रबरात रुतलेली होती. अयोध्या आम्ही रबरावर बसून केली.

हे गणित मी रोज ऑफिसात करते. ट्रकच्या नकाशावर रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही स्थिती नसतील तर मी तो नकाशा परत पाठवते. स्वतःच्या गाडीचा नकाशा मात्र खिडकीतून काढला होता, रिकाम्या गाडीचा.

दुसऱ्यांदा निवडताना दुकानदाराला 'किती खाली' हे विचारलंच नाही. ताठरपणा किती, मोकळी लांबी किती, तार किती जाड, हे विचारलं. तारेच्या जाडीचा चौथा घात लागतो. बाराची तार तेरा मिमी केली, बाकी सगळं तेच ठेवलं, तरी स्प्रिंग अडतीस टक्के कडक होते. तिघांनी फोन ठेवला. चौथ्याने आकडे पाठवले: पुढे 25, मागे 15, आणि वेढे एकसारख्या अंतरावर नसलेले. दाट वेढे आधी मिटतात, मग उरलेली स्प्रिंग कडक लागते. ट्रकमधला हेल्पर पाटा हेच करतो, रिकाम्या गाडीत नुसता बसून असतो आणि माल चढला की कामाला लागतो. हे मला कुणी समजावायला नको होतं.

बसवताना मिस्त्रींनी चाक लोंबकळत ठेवून स्प्रिंग हाताने फिरवून पाहिली. सैल लागली नाही. आठवडाभर गाडी चालवून स्प्रिंगा बसू दिल्या, मग व्हील अलाइनमेंट केलं. उंची बदलली की चाकांची दिशाही हलते, आणि आधीच्या वेळी तेही न केल्याने पुढचे टायर आतून खाल्ले गेले होते. हेडलाइटचा झोत नीट करून घेतला.

फट आता तीन बोटांहून जराशी जास्त आहे. वॉचमन परवा म्हणाला, "मैडम, पीछे हवा कम लग रही है." एवढ्या खर्चाची दखल घेणारा तो एकटाच.

40 मिमीच्या स्प्रिंगा विकायला काढल्या. कमत्याहून एक मुलगा आला, तशीच पोलो. मी विचारलं, पीछे कौन बैठता है? "अम्मी, और दो बहनें." मग मी मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर त्याला 65 वजा 40 करून दाखवू लागले. भाव वाढवायची ही तऱ्हा असावी असं त्याला वाटलं. त्याने आपणहून पाचशे वाढवले.

स्प्रिंगा अजून बाल्कनीत आहेत.