उरलेली वीज

तलवाड्यातील एका घरी कुटुंबप्रार्थनेस गेलो असता स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये ठिणग्या उडू लागल्या. सेमिनरीत असताना रेडिओ दुरुस्त केल्याचा अभिमान मला अद्यापि आहे. प्लग काढून मी मागचे स्क्रू सोडवू लागलो, तोच घरातील वायरमन मुलाने माझा हात धरला.

“फादर, प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. २,००० व्होल्टच्या आसपास! माणूस जागीच जातो.”

दोष साधाच निघाला. आतील भिंतीवरचा अभ्रकाचा पातळ तुकडा, त्यावर उडालेल्या तेलामुळे, जळला होता. पेटी न उघडताच त्याने नवा तुकडा मापाने कापून बसविला, ठिणग्या थांबल्या.

परतताना मी मात्र अस्वस्थ होतो. शेताच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी माझा कित्येक वर्षे अबोला होता. बोलणे थांबले म्हणजे राग निवळला, असे मी मानीत आलो. पापनिवेदनातही त्याचा उच्चार कधी केला नाही. वस्तुतः मी केवळ प्लग काढला होता. वीज आत तशीच होती.

त्या रात्री त्याला फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, “दादा, जेवलास का?”