उजवीकडची सीट

कालामाताला भाड्याची गाडी ताब्यात घेतली, तेव्हा बाबा सवयीने उजवीकडचं दार उघडून बसले. समोर स्टिअरिंग नाही हे बघून त्यांनी हात मांडीवर ठेवले. ग्रीसमध्ये गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि ड्रायव्हर डावीकडे बसतो. ३१ वर्षं एसटी चालवून बाबा गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्यांना त्यांचीच जागा मिळाली होती, फक्त चालवायला काही नव्हतं.

मी म्युनिकमध्ये सॉफ्टवेअर लिहितो. आईबाबा दोघंही यायचे होते, पण आईचे गुडघे ऐन वेळी बिघडले. "तुम्ही दोघं जा, निदान बोलाल तरी," असं ती म्हणाली. आम्ही फार बोलत नाही, हे तिला माहीत आहे.

ग्रीसच्या दक्षिणेला पेलोपोनीजची तीन बोटं समुद्रात घुसलेली आहेत. त्यातलं मधलं बोट म्हणजे मानी. डावीकडे तायगेतोसचा डोंगर, उजवीकडे मेसेनियाचं आखात आणि मधे वळणं घेत जाणारा अरुंद रस्ता. कालामाता ते येरोलिमेनास हे अंतर शंभर-एक किलोमीटर असेल. त्यासाठी मी चार दिवस ठेवले होते. बाबांना हे पटेना. "शंभर किलोमीटरला चार दिवस? अरे, आम्हाला टाइम लागला असता."

पहिल्या घाटापासून त्यांचा उजवा पाय पायपुसण्यावर ब्रेक दाबत होता. आंधळं वळण आलं की, "हॉर्न दे."

"बाबा, इथे कुणी हॉर्न देत नाही."

"म्हणजे समोरच्याला कळायचं कसं?"

मी हॉर्न दिला नाही. त्यांनी पाय दाबला.

कार्दामिली आलं. होमरच्या 'इलियड'मध्ये आगामेम्नन रुसलेल्या अकिलीझला सात गावं देऊ करतो, त्यातलं हे एक. पॅट्रिक ली फर्मर या इंग्रज लेखकाचं घर इथलंच. मी बरंच वाचून आलो होतो आणि ते सगळं बाबांना ऐकवायची मला घाई झाली होती. पुढे स्तूपाजवळ १९१७च्या सुमारास कझान्झाकिसने झोर्बास नावाच्या माणसाला हाताशी घेऊन लिग्नाइटची खाण चालवली. पुढे त्याच्यावरच कादंबरी लिहिली आणि तिच्यात सगळा कारभार क्रीटला नेला. "खाण चालली का?" एवढंच बाबांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा त्यातला रस संपला.

त्यांचा रस वेगळ्या गोष्टींत होता. दोरीवर वाळत घातलेले ऑक्टोपस बघून "बोंबलासारखंच की" म्हणाले आणि भाजलेला एक निमूटपणे संपवला. मानीतली घरं म्हणजे दगडी बुरूज आहेत, खिडक्या जेमतेम डोकं मावेल एवढ्या. इथली घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी वैर धरून होती आणि बुरुजातून शेजाऱ्यावर गोळ्या झाडत होती, हे मी सांगितलं. बाबा मान डोलावत म्हणाले, "म्हणजे भावकी." माझ्या वाचनात मानीचं इतकं नेमकं वर्णन कुठे आलं नव्हतं.

अरेओपोलीच्या अलीकडे एका वळणावर ते म्हणाले, "थांब जरा."

कडेला लोखंडी खांबावर लहानसं देवघर होतं. काचेचं दार, आत मेरीचं चित्र, विझलेला दिवा, प्लॅस्टिकच्या बाटलीत तेल, आगपेटी. अशी बरीच देवघरं वाटेत लागली होती. घाटाच्या तोंडाशी आपल्याकडे देऊळ असतं, ड्रायव्हर नाणं टाकून पुढे जातात, तसलंच काहीतरी असेल असं बाबांनी धरलं होतं. मी सांगितलं की हे घरचे लोक उभारतात. कुणी त्या जागी अपघातात गेलेलं असतं. कधी कधी वाचलेला माणूसही बांधतो.

बाबा उतरले. काचेचं दार उघडलं, वात वर ओढली, तेल घातलं. वाऱ्यात तिसऱ्या काडीला दिवा लागला. दार लावून ते तिथेच उभे राहिले.

"आपल्याकडे तिथे काही नाही," ते म्हणाले. "एक दगडसुद्धा नाही."

कुठे, हे मी विचारलं नाही. मी सातवीत असताना घाटात त्यांच्या गाडीखाली एक मोटारसायकलवाला आला होता. पाऊस होता, तो वळणावर चुकीच्या बाजूने आला, चौकशीत बाबांचा दोष निघाला नाही. हे सगळं मला आईकडून कळलं, तेही कॉलेजात गेल्यावर. घरात त्याचा उच्चार होत नसे.

"बावीस वर्षांचा होता," बाबा म्हणाले. "मी हॉर्न दिला होता. चौकशीत लिहिलंय तसं. पण दिला होता का, ते आता मला आठवत नाही."

मला वेगळंच आठवत होतं. बाबा दर गणपतीत जादा गाड्यांवर असायचे. आरतीला ते कधी नसत. सातवीतल्या त्या वर्षी मात्र ते दहाही दिवस घरी होते. मखर त्यांनीच बांधलं. मला पाठीवर बसवून विसर्जनाला नेलं, खरं तर त्या वयाला मी जड होतो. म्युनिकमध्ये कुणी लहानपणाबद्दल विचारलं की मी त्याच गणपतीचं सांगतो. बाबा रजेवर का आहेत, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता, आणि नंतर कळलं तेव्हाही मी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

हे मी त्यांना सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

येरोलिमेनासला दोन रात्री राहिलो. वाथियाचे ओस बुरूज बघितले. पुढे तेनारोच्या टोकाला पाताळाचं दार होतं असं जुने ग्रीक मानत. तिकडे बाबा आलेच नाहीत, समुद्राकडे तोंड करून कॉफी पीत बसले. साखर वेगळी घालता येत नाही, उकळतानाच घालतात, याची तक्रार त्यांनी दोनदा केली.

परतताना अरेओपोलीत त्यांनी दुकानातून ऑलिव्ह तेलाची अर्ध्या लिटरची बाटली घेतली. विमानात हातातल्या सामानात चालणार नाही, असं मी म्हटलं.

"घरी कोण नेतंय?"

त्या वळणापाशी गाडी थांबवली. दिवा विझला होता. बाबांनी तो पुन्हा लावला, मग प्लॅस्टिकच्या बाटलीत नवं तेल काठोकाठ ओतलं. "दुसऱ्याचं वापरलं ना आपण," म्हणाले आणि हात रुमालाला पुसत उजवीकडच्या सीटवर येऊन बसले.

पुढच्या वळणावर मी हॉर्न दिला. समोरून कुणीच नव्हतं.