लिहिलेले यंत्र
संगणक उभारायला बोटांपेक्षा लेखणी अधिक कामाची, हे मला हैदराबादेत कळले. आम्ही सहा मित्र मिळून ‘माइनक्राफ्ट’ खेळतो. सर्वांना एका जगात आणणारा सर्व्हर एकाने भाड्याच्या यंत्रावर हाताने उभारला होता. तो परदेशी गेला, सर्व्हर बंद पडला आणि तो कसा उभारला होता हे सांगणारे कोणी उरले नाही.

मग मी ‘टेराफॉर्म’ शिकलो. हे साधन २०१४ सालचे. यंत्र केवढे हवे, कोठे हवे, २५५६५ क्रमांकाचे पोर्ट खेळाडूंसाठी उघडायचे, हे सारे फाइलीत लिहायचे. आज्ञा दिली की ॲमेझॉनने २०२२ साली हैदराबादेत सुरू केलेल्या क्लाउड केंद्रात यंत्र सिद्ध! खेळ संपताच ते मोडावे. त्याचे भाडे थांबते. परवा बेळगावच्या मित्राने नुसती फाइल वाचून, मला न विचारता सर्व्हर सुरू केला.

मात्र वाचकहो, फाइलीतून यंत्र परत मिळते. खेळात आम्ही बांधलेली घरे मिळत नाहीत. ती यंत्राबरोबर न मोडणाऱ्या वेगळ्या डिस्कवर ठेवावी लागतात आणि तिचे थोडे भाडे चालूच राहते. कृती लिहून ठेवता येते. केलेले काम मात्र जपावेच लागते.